इंजिनमधला कार्बन सॉल्व्हंटने खरोखर निघतो का?

तुमची गाडी 2018 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 70,000 किलोमीटर चालली आहे आणि सिग्नलला उभी असताना थरथरते. सर्व्हिस सेंटरने केमिकलने डिकार्बोनायझिंग, म्हणजे इंजिनमधला कार्बन काढण्याची सफाई, करून घ्यायला सांगितले आहे आणि तेच काम थिनर किंवा कार्ब क्लीनरसारख्या सॉल्व्हंटने (चिकट घाण विरघळवणाऱ्या द्रवाने) घरी करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी इंजिन दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझे मत असे की सॉल्व्हंट चांगला की वाईट यापेक्षा कार्बन नेमका कुठे बसला आहे, सॉल्व्हंट तिथपर्यंत पोहोचतो का आणि पोहोचल्यावर तिथे पुरेसा वेळ टिकतो का, हे आधी पाहायला हवे.

ज्याला आपण सरसकट कार्बन म्हणतो तो शुद्ध कार्बन नसतो. त्यात काजळी असते, ऑइलची वाफ आणि अर्धवट जळलेले इंधन आटून झालेला चिकटा असतो, आणि ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक यांसारख्या घटकांची राखही असते. सॉल्व्हंट विरघळवतो तो फक्त चिकटा. काजळी आणि राख त्यात विरघळत नाहीत, चिकट्याची पकड सुटली की त्या धुऊन निघतात. पण हाच थर तापलेल्या धातूवर महिनोन्‌महिने भाजत राहिला की चिकट्याचे रूपच बदलते. कढईच्या बाहेरच्या अंगाला वर्षानुवर्षे बसलेला काळा थर जसा रॉकेलने पुसून जात नाही, तसाच पिस्टनच्या माथ्यावरचा जुना थर ॲसिटोनलाही दाद देत नाही. शिवाय ॲसिटोन 56 अंश सेल्सिअसला उकळते आणि टोल्युइन 111 अंशांना. चालू, गरम इंजिनमध्ये फवारलेला असा द्रव इनटेक व्हॉल्व्हवर (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेवर) क्षणभरही ओला राहत नाही, त्यामुळे त्याला काम करायला वेळच मिळत नाही.

याच कारणाने सॉल्व्हंटचा सर्वांत खात्रीचा उपयोग थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागावर, होतो. तिथे तापमान कमी असते, थर मऊ आणि तेलकट असतो आणि हात पोहोचतो. बटरफ्लायच्या (तिथल्या फिरत्या चकतीच्या) कडेला जमलेल्या या थरामुळे आयडलला, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन चालू राहायला, लागणारी हवा अडते, ईसीयू (इंजिनचा संगणक) काही काळ बटरफ्लाय थोडी जास्त उघडून वेळ मारून नेतो आणि पुढे आयडल डळमळू लागते. तुमच्या गाडीची लक्षणे पाहता मी सुरुवात इथूनच करीन. इग्निशन बंद ठेवून, हवेचा पाइप काढून, थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ कापडावर घ्यावा आणि पुसत जावे. थेट आत मोठा फवारा मारू नये. काही थ्रॉटल बॉडींना आतून पातळ लेप दिलेला असतो, म्हणून ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नये. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची बटरफ्लाय बोटाने जोर लावून ढकलू नये, कारण आतले गिअर बहुधा प्लॅस्टिकचे असतात. एअर फ्लो सेन्सरवर हा क्लीनर मुळीच मारू नये, त्याच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. सफाईनंतर आयडल काही काळ चढे राहू शकते, कारण ईसीयूने जुन्या घाणीचा हिशेब धरून ठेवलेला असतो. काही गाड्या तो आपोआप सुधारतात, काहींना स्कॅनर लावून थ्रॉटल रीलर्न करावे लागते.

इनटेक व्हॉल्व्हच्या बाबतीत गाडीची इंधनप्रणाली पाहावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये इंजेक्टर पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे, पोर्टमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत) फवारतो, त्यामुळे व्हॉल्व्ह रोज पेट्रोलने धुतला जातो आणि त्यावर जाड थर सहसा बसत नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे फोक्सवॅगन–स्कोडाच्या टीएसआय, ह्युंदाईच्या टर्बो जीडीआय किंवा फोर्डच्या इकोबूस्ट इंजिनांत, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. व्हॉल्व्हच्या पाठीला ते शिवत नाही, क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या भागातून) येणारी ऑइलची वाफ मात्र तिथे चिकटत राहते. अशा गाडीत टाकीत ओतलेले कोणतेही ॲडिटिव्ह व्हॉल्व्ह साफ करूच शकत नाही. बाटली टांगून व्हॅक्यूम नळीतून थेंब थेंब सोडलेले केमिकल ताज्या, मऊ थरावर थोडाफार परिणाम करते. जुन्या थरासाठी मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याने ब्लास्टिंग करणे हाच खरा उपाय आहे. टोयोटासारख्या काही कंपन्यांनी एकाच इंजिनात पोर्ट आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्टर बसवले, त्याचा एक फायदा हाही आहे.

ज्वलनकक्षातल्या थरावर इंधनातून जाणारे पॉलीइथरअमाइन हे साफसफाईचे रसायन चांगले काम करते. शेव्हरॉन कंपनीने ते 1980 च्या दशकात रुळवले. साध्या सॉल्व्हंटपेक्षा ते उष्णतेत जास्त टिकते आणि एका टाकीचे पेट्रोल संपेपर्यंत हळूहळू थर सोडवत राहते. बाटली घेताना लेबलवर हे नाव आहे का ते पाहावे. नुसते ‘इंजिन क्लीनर’ लिहिलेल्या बाटल्यांमध्ये बरेचदा रॉकेलवर्गीय द्रवच जास्त असतो. तुमची गाडी पोर्ट इंजेक्शनची असेल, तर याचा थोडा लाभ व्हॉल्व्हलाही होईल.

इंजिन जर ऑइल पीत, म्हणजे जाळत, असेल तर प्रश्न वेगळा असतो. पिस्टनवरच्या ऑइल रिंगांच्या (ऑइल वर चढू न देणाऱ्या कड्यांच्या) खाचा चिकट्याने भरल्या असतील, तर स्पार्क प्लग काढून सगळे पिस्टन मधल्या उंचीवर आणतात, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडासा सॉल्व्हंट ओततात आणि रात्रभर मुरू देतात. इथे इंजिन थंड असते आणि वेळही भरपूर मिळतो, म्हणून ही पद्धत मला फवाऱ्यापेक्षा जास्त पटते. तरीही तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. 2007 ते 2009 च्या टोयोटा कॅमरीतल्या 2.4 लिटर इंजिनाबद्दल अमेरिकेत ऑइल पिण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या तेव्हा कंपनीने वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगाच बदलून दिल्या. पिस्टन मुरवण्याचे काम घरी करू नये, असे मी स्पष्टच सांगतो. द्रव पिस्टनच्या वर राहिला आणि प्लग लावून स्टार्टर मारला, तर द्रव दाबला जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढलेले असतानाच इंजिन फिरवून द्रव बाहेर काढावा लागतो, आणि त्या वेळी कॉइल व इंजेक्टरची जोडणी तोडलेली नसेल तर ठिणगीने भडका उडू शकतो. रिंगांमधून झिरपलेला सॉल्व्हंट ऑइल पातळ करतो, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी चालू करता येत नाही.

डिझेल गाडी असलेल्यांनी चालू इंजिनच्या इनटेकमध्ये ज्वालाग्राही स्प्रे मारू नये. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेने पेटते. त्याला वरून मिळालेले इंधन ते जाळत सुटते आणि चावी फिरवूनही थांबत नाही. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उतरवून, त्याचा इलेक्ट्रिकल भाग कोरडा ठेवून बाहेर साफ करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

थिनरबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो: तो रबरी सील आणि रंग दोन्ही खातो, आणि त्याचे मिश्रण डब्यागणिक वेगळे असते, तेव्हा इंजिनात नको. ब्रेक क्लीनरही वापरू नये. क्लोरीनयुक्त प्रकारचा ब्रेक क्लीनर तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

तुमच्या बाबतीत थ्रॉटल बॉडी पुसून घ्या आणि पॉलीइथरअमाइनची एक बाटली भरलेल्या टाकीत घाला. तरीही थरथर राहिली, तर डिकार्बोनायझिंगला होकार देण्याआधी प्लग, कॉइल, व्हॅक्यूम गळती आणि इंजिन माउंटिंग तपासायला सांगा, कारण 70,000 किलोमीटरला यांपैकी एखादे दोषी निघण्याचा संभव कार्बनपेक्षा जास्त असतो. सर्व्हिस सेंटर तरीही आग्रह धरत असेल, तर प्लगच्या छिद्रातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनचा आणि इनटेकच्या बाजूने व्हॉल्व्हचा फोटो मागा. पैसे देण्याचे त्यानंतर ठरवा.