धरण भक्कम असूनही ‘उच्च धोका’ का?

प्रश्न : नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरजवळच्या आमच्या शेतात वडिलांनी बांधलेले मातीचे धरण आहे. त्याला कधी भेगसुद्धा पडलेली नाही, तरी तपासणीत त्याची श्रेणी ‘उच्च धोका’ अशी लावली गेली. हे चुकीचे नाही का?

नाही. धोक्याची श्रेणी धरणाच्या प्रकृतीवरून ठरत नाही. ते फुटलेच, तर खाली कोणाचे काय नुकसान होईल, यावरून ती ठरते. धरणाची प्रकृती, म्हणजे सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट), पाझर, उतार आणि माथा यांची अवस्था, वेगळी तपासली जाते आणि तिची नोंदही वेगळी होते. त्यामुळे उत्तम राखलेले धरण उच्च धोक्याच्या श्रेणीत असू शकते आणि ओसाड रानातले जर्जर धरण कमी धोक्याच्या श्रेणीत. शिवाय नागपूर चहूबाजूंनी वाढते आहे. वीस वर्षांपूर्वी जिथे नुसती तूर-कापसाची शेते होती, त्या नाल्याकाठी वस्ती उभी राहिली, तर आपण पाळीला हातही न लावता श्रेणी वर जाते. माझ्या मते ही श्रेणी मालकावरचा ठपका नसून खालच्या माणसांची नोंद आहे, आणि ती बदलून घेण्याच्या खटपटीपेक्षा सांडव्याची क्षमता तज्ज्ञाकडून तपासून घेणे अधिक निकडीचे आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाळ फुटली नव्हती, तरीही नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सांडवा अपुरा पडून मातीच्या पाळीवरूनच पाणी वाहू लागले, तर ती फार वेळ टिकत नाही.

प्रश्न : आमचा बांध 9 मीटर उंच आहे. त्याला धरण सुरक्षा कायदा लागू होतो का?

2021 चा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीचे धरणही त्यात येते, पण त्यासाठी माथ्याची लांबी किमान 500 मीटर किंवा साठा किमान 10 लाख घनमीटर असणे, यांसारखी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. मात्र ही उंची पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजतात, शेताच्या पातळीपासून नव्हे; तेव्हा आधी नीट मोजणी करून घ्यावी.

प्रश्न : पायथ्याशी पाझर दिसतो. माती टाकून तो बंद करावा का?

कृपया तसे करू नका. मातीच्या धरणातून थोडे स्वच्छ पाणी पाझरणे स्वाभाविक आहे, पण पाणी गढूळ येत असेल किंवा अचानक वाढले असेल, तर आतली माती वाहून जाऊन नळीसारखी पोकळी तयार होत आहे, असे समजावे. अशा जागी आधी वाळू, तिच्यावर खडी आणि सर्वांत वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांना त्याच दिवशी कळवावे आणि नाल्याकाठच्या लोकांना सावध करावे. साठा कमी करायचा असेल, तर अभियंत्यांच्या सल्ल्याने करावा, कारण पाणी एकदम उतरवल्यास आतल्या बाजूची ओली माती घसरू शकते.