बंगला बायकोच्या नावावर, उधारी तशीच

प्रश्न : सोलापुरात माझा सुताचा व्यापार आहे. चादरीच्या एका कारखानदाराकडे 14 लाखांची उधारी थकली. मार्चमध्ये वकिलामार्फत नोटीस दिली, जूनमध्ये वसुलीचा दावा लावला. आता सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) काढली, तर एप्रिलमध्येच त्याने जुळे सोलापुरातला बंगला बायकोला बक्षीसपत्राने दिलेला! साखर पेठेतले गोदाम अजून त्याच्या नावावर आहे. 'लिस पेंडन्स'ने (दावा चालू असताना केलेले हस्तांतर निकालाला बांधील, या तत्त्वाने) बक्षीसपत्र आपोआप रद्द होते का?

उत्तर : नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चे कलम 52 लागते ते त्या मिळकतीच्या हक्काचाच वाद कोर्टात असेल तर. तुमचा दावा पैशाचा आहे. शिवाय बक्षीसपत्र दाव्याच्या आधीचे आहे. बंगल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38 नियम 5 खाली निकालापूर्वीची जप्तीही मागता येणार नाही, कारण दावा लावला त्या दिवशी तो प्रतिवादीचा राहिलाच नव्हता.

बंगल्यासाठी तुमचे हत्यार मालमत्ता हस्तांतरण कायद्याचेच कलम 53. धनकोंना बुडवण्याच्या किंवा लटकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर बुडालेल्या धनकोला रद्द करून घेता येते. त्यासाठी हुकूमनामा (वसुलीच्या दाव्याचा निकाल) हातात असावा लागत नाही, मात्र दावा सर्व धनकोंच्या वतीने लावावा लागतो. हे वाक्य वादपत्रात नसले की पहिली हरकत तिथेच येते. मोबदला देऊन सद्‌हेतूने घेणाऱ्याला कायदा वाचवतो. बक्षीसपत्रात मोबदलाच नसतो, त्यामुळे बायकोला ती ढाल नाही.

हेतू मात्र तुम्हालाच सिद्ध करायचा आहे. नोटिशीची पोहोच आणि बक्षीसपत्राची तारीख शेजारी ठेवा. बंगल्यात अजून कोण राहते, वीजबिल आणि घरपट्टी कोण भरते, ते कागद जमवा. 'गोदाम विकून सगळी देणी फिटतात' हा बचाव येणारच, म्हणून त्याची इतर देणी आणि गोदामाची किंमत आधीच काढून ठेवा. मुदत साधारण तीन वर्षांची धरा, थांबू नका. जिंकलात तरी बंगला तुमच्या नावावर होत नाही; फक्त दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) त्याला हात घालता येतो.

गोदामासाठी आदेश 38 नियम 5 खाली निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्ज आजच द्या. पण 'तो विकेल अशी भीती वाटते' एवढ्यावर कोर्ट जप्ती देत नाही. कोणत्या दलालाकडे बोलणी चालू आहेत, विक्रीची पाटी कधी लागली, असा तपशील शपथपत्रात हवा. मिळकतीचे वर्णन आणि अंदाजे किंमतही हवी. कोर्ट आधी प्रतिवादीला तारण द्या नाहीतर कारण दाखवा असे सांगते, गरज पडल्यास सोबत सशर्त जप्ती करते. ही पायरी गाळून केलेली जप्ती निरर्थक ठरते. जप्तीनंतर त्याने गोदाम विकलेच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 64 मुळे ती विक्री तुमच्या मागणीपुरती निरर्थक.

प्रश्न : मोहोळ तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा आमचा दावा चालू आहे. थोरल्या भावाने मध्येच 80 आर विकले. सातबाऱ्यावर दाव्याची नोंद होती. खरेदीदार म्हणतो, मला बांधील नाही.

उत्तर : इथे कलम 52 चा विषय आहे, पण महाराष्ट्रात नुसता दावा चालू असून भागत नाही. 1939 च्या मुंबई दुरुस्तीप्रमाणे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. तीत मालकाचे नाव-पत्ता, मिळकतीचे वर्णन, कोर्ट, दाव्याचे स्वरूप व शीर्षक आणि दाखल तारीख हवी. तलाठ्याकडची नोंद किंवा पेपरातली जाहीर नोटीस तिची जागा घेत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हीच गफलत सर्वाधिक असते.

नोटीस नोंदवली नसेल तर आजच नोंदवा. ती पुढच्या व्यवहारांना लागेल. झालेल्या विक्रीतही भाऊ स्वतःच्या हिश्श्यापेक्षा जास्त विकू शकत नाही, हा मुद्दा तुमच्याकडे उरतोच. खरेदीदाराला दाव्यात पक्षकार करा आणि ते 80 आर भावाच्याच वाटणीत टाकण्याची मागणी करा. पुढची विक्री थांबवायला निशाणी 5 चा मनाई अर्जही लावा, कारण नोटिशीने विक्री अडत नाही, फक्त घेणारा निकालाला बांधला जातो.