वाचकांचे प्रश्न : मित्राकडची ४८३१ पावडर .३०८ला चालेल?

प्रश्न : .३०८ विंचेस्टर या रायफलची काडतुसं १६८ ग्रेन (वजनाचं छोटं माप) बुलेट लावून घरी भरायची आहेत. मित्राकडे ४८३१ ही बंदुकीची पावडर शिल्लक आहे. वापरू का?

उत्तर : आधी डब्यावरचं पूर्ण नाव वाचा. आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ या वेगळ्या पावडरी आहेत. आयएमआरची लवकर जळते. आकडा सारखा म्हणून एचचं माप तिला लावलं, तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. लेबल नसलेला किंवा दुसऱ्या डब्यात ओतलेला माल असेल तर विषयच मिटला, घेऊ नका.

तसंही .३०८च्या केसला (काडतुसाच्या पितळी नळीला) ४८३१ फार मंद. केस तोंडापर्यंत भरूनही वेग अपुरा पडतो; .२७० विंचेस्टर काडतुसासाठी ती ठीक. तुम्हाला मध्यम गतीची, व्हार्गेटसारखी पावडर हवी. तिनं केस बरीचशी भरते, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तर बाहेर सांडते आणि चूक तिथेच कळते. तापमान बदललं तरी वेग फारसा हलत नाही. तिचे दाणे मात्र लांबट. मापयंत्रात अडकून कापले जातात आणि माप कमीजास्त पडतं. म्हणून थोडी कमी टाका आणि उरलेली ट्रिकलरनं (दाणे थोडे थोडे सोडणाऱ्या साधनानं) तराजूवर पुरी करा. तराजू ग्रेनवरच आहे ना, तेही बघा. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन!

सुरुवात पावडर कंपनीच्या ताज्या तक्त्यातल्या किमान मापानं करा. फक्त कमाल दिलं असेल तर त्याच्या १० टक्के खाली. रायफलचा बोल्ट (मागून बंद करणारा दांडा) जड उघडला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा दिसला, तर दाब जास्त झालाय, तिथेच थांबा. चपटा प्रायमर (केसच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी) एकटाच दिसला, तर तो जास्त दाबाचा भरवशाचा पुरावा नाही.