गिझर घरमालकाने बसवला, मग दोष अंघोळ करणाऱ्याचा कसा?

प्रश्न : पुण्यात आम्ही वन बीएचके भाड्याने घेतला आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला आहे, रजिस्टर केलेला नाही. दिवाळीनंतर मालकांनी विजेचा गिझर काढून बाथरूमच्या आतच गॅस गिझर लावला. एक्झॉस्ट फॅनच्या जागेतून गार वारा येतो म्हणून त्यांच्याच प्लंबरने तिथे ॲक्रिलिकची शीट मारली. गेल्या महिन्यात पत्नी अंघोळीला गेली आणि आतून ओ देईना. कडी तोडून तिला बाहेर काढलं. दोन दिवस ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. मालक म्हणतात, "गॅसचा वास कुठे होता? तुम्ही खिडकी उघडली नाही. फिटिंगची जबाबदारी करारात तुमची आहे." घर सोडा आणि ६०,००० रुपयांचं डिपॉझिट विसरा, असंही ऐकवतात. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, आजच त्या गिझरचा रेग्युलेटर बंद करा आणि पाणी चुलीवर तापवा. पण गिझर भिंतीवरून काढू नका आणि मालकांच्या माणसालाही काढू देऊ नका. तो तुमचा मुख्य पुरावा आहे.

तुम्ही पाठवलेले फोटो मी बराच वेळ पाहिले. एकात बर्नरची ज्योत टोकाला पिवळी दिसते आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरलेली आहे. गॅस नीट जळत असेल तर ज्योत निळी असते. हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. मालकांच्या "वास कुठे होता" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सिलिंडरमधल्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचं रसायन मिसळतात. जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास असतो, ना रंग. वास न येणं हा मालकांचा बचाव होत नाही.

आता करार. 'देखभाल लायसन्सीने (म्हणजे परवान्यावर राहणाऱ्याने) करावी' या वाक्याचा अर्थ नळाचा वॉशर बदला, बल्ब लावा, एवढाच होतो. गिझर कुठे बसवायचा हे मालकांनी ठरवलं, हवेची वाट त्यांच्या माणसाने बुजवली. याला देखभाल म्हणत नाहीत. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं ठरवायचं काम मालकावर येतं. 'नोटरी म्हणजे पक्का करार' या समजुतीत आजही हजारो लोक राहतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

लायसन्सीला भाडेकरूचे सगळे हक्क नसतात, हे खरं. पण भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ तुमच्या बाजूने आहे, आणि हा जुना कायदा या प्रकरणात अगदी नेमका लागू पडतो. जागेत जीवाला धोका असलेला दोष मालकाला ठाऊक असेल आणि तुम्हाला नसेल, तर कलम ५७ प्रमाणे तो सांगणं त्याला बंधनकारक आहे. जागा तुमच्यासाठी धोकादायक होईल असं काहीही त्याने करायचं नाही, असं कलम ५८ सांगतं. तुमचा सगळा दावा या ५८ वर उभा राहील. परवाना रद्द केला तरी कलम ६३ प्रमाणे घर सोडायला वाजवी मुदत द्यावी लागते. मोबदला घेऊन दिलेली जागा तुमचा दोष नसताना मुदतीआधी सोडायला लावली, तर कलम ६४ नुसार भरपाई मागता येते. रातोरात कुलूप बदलायचा अधिकार मालकांना नाही.

वकिलामार्फत नोटीस पाठवा. तीत गिझर कधी बसवला, शीट कुणी मारली, घटना कोणत्या दिवशी झाली, दवाखान्याचा खर्च किती झाला आणि डिपॉझिट किती, हे सगळं लिहा. ती स्पीड पोस्टने पाठवा, पोचीचा पुरावा जपा. डिपॉझिट आणि खर्चासाठी मालकांविरुद्ध दिवाणी दावा करावा, असं माझं मत आहे. त्यांना ग्राहक आयोगात ओढू नका. नुसतं घर भाड्याने देणं ही 'सेवा' आहे की नाही, यावरच वाद अडकून पडेल.

प्लंबरची गोष्ट वेगळी. गिझरचे पैसे मालकांनी दिले असले, तरी परवानगीने वस्तू वापरणारा आणि सेवेचा लाभ घेणारा हाही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ग्राहकच असतो. म्हणून तुमच्या पत्नी स्वतः जिल्हा आयोगात तक्रार करू शकतात. मुदत २ वर्षांची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्याआधी मालकांकडे गिझरची माहितीपुस्तिका मागा. 'बंद बाथरूममध्ये बसवू नये' असं त्यात छापलेलं असेल तर कंपनी सुटेल आणि बसवणारा पक्का अडकेल. असा इशाराच नसेल तर कंपनीलाही पक्षकार करा.

पोलिसांत लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. मालकांना तुरुंगात पाठवण्यासाठी हे सांगत नाही. पंचनामा झाला तर शीट, गिझर आणि काजळी कागदावर येईल, आणि पुढे दिवाणी दाव्यात तोच कागद उपयोगी पडेल. तोवर तुम्ही स्वतः व्हिडिओ काढा : शीटचे स्क्रू, गिझरपासून खिडकीचं अंतर, गिझरवरची माहितीची पट्टी, तुटलेली कडी.

दवाखान्यातून संपूर्ण केस पेपर मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही. रक्तातल्या कार्बोक्सीहिमोग्लोबिनची (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनची) तपासणी झाली असेल तर तो अहवाल सर्वात मोलाचा, कारण ऑक्सिजन लावल्यावर ते प्रमाण काही तासांत उतरतं आणि नंतर केलेल्या तपासणीत काही सापडत नाही. या विषबाधेचे परिणाम कधी कधी काही आठवड्यांनीही दिसतात : विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं. तुमच्या पत्नींना असं काही जाणवत असेल तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा, आणि त्या भेटीची चिठ्ठीही याच फाइलमध्ये लावा.