धोलावीरा : खर्च कमी करा, पण मुक्काम टाळू नका

स्वतःची गाडी नाही. गुजरातेत कच्छमध्ये धोलावीराला हडप्पा संस्कृतीच्या शहराचे अवशेष आहेत. मुंबईहून रेल्वे आणि एसटीने तिथे जाणं जमेल का?

जमतं. भुजकडे जाणाऱ्या गाडीने रात्रभर प्रवास करून सामखियाळीला उतरायचं, तिथून बसने रापर. पुढचे साधारण ९० किलोमीटर खरे अवघड, कारण धोलावीरा ज्या खदीर बेटावर आहे, तिथे वस्ती विरळ आणि बस मोजक्या. रापरच्या स्टँडवर परतीची वेळ आधी विचारून घ्या. चार-पाच जण असाल तर भुजहून खावडामार्गे रण ओलांडणाऱ्या रस्त्याने जीप वाटून घ्या.

त्याच दिवशी परत फिरायचा बेत मात्र करू नका. खोलीभाडं वाचतं, पण भर दुपारच्या उन्हात घाईघाईने दगड बघून यावं लागतं. गावातली साधी खोली घ्या आणि सकाळी लवकर आत जा.

मित्र म्हणतात, तिथे नुसते दगड आहेत. नेमकं बघायचं काय?

पाणी! पाऊस बेभरवशाचा, जमिनीखालचं पाणी बरंचसं खारट, तरीही सुमारे इ.स.पू. ३००० पासून हे शहर दीड हजार वर्षं वसलेलं होतं. उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर. पावसाळ्यातच वाहणाऱ्या या ओढ्यांना बांध घालून लोकांनी पाणी शहराभोवतीच्या तलावांत वळवलं. पूर्वेचा तलाव ७० मीटरहून लांब आहे, आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. काठावरून बघून निघू नका, पाण्याची वाट शोधत चाला. बालेकिल्ल्यातल्या विहिरीच्या काठचा दगड वाकून बघा. दोराने पडलेले चरे अजून दिसतात. कुणीतरी रोज त्याच जागी उभं राहून पाणी शेंदत होतं!

मग उत्तर दरवाजाकडे या. डॉ. आर. एस. बिश्त यांच्या उत्खननात इथेच हडप्पा लिपीतल्या दहा चिन्हांचा फलक सापडला. लाकूड कुजून गेलं, जिप्समची अक्षरं तेवढी उरली. ती अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. जाणकार वाटाड्या मिळाला तर जरूर घ्या, तो खर्च वाचवू नका.

आई सत्तरीची आहे. झेपेल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळच्या वेळी झेपेल. सावली जवळजवळ नाही. टोपी, भरपूर पाणी हवंच. चढ आणि पायऱ्या नको वाटल्या तर त्यांना संग्रहालयात निवांत बसू द्या.

मुलाने तिथून खापराचा तुकडा आणलाय. एवढ्याशाने काय होतं?

होतं. कोणतं खापर कुठे, कोणत्या थरात सापडलं, यावरूनच त्या जागेचा काळ आणि वापर कळतो. जागेवरून हलवलं की ती माहिती गेली, आणि ती पुन्हा मिळत नाही. संरक्षित स्थळावरून वस्तू उचलून नेणं कायद्यानेही गुन्हा आहे. तुकडा घरी ठेवू नका, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाशी संपर्क साधून परत करा. मुलालाही सोबत न्या. रागावू नका, त्याला कुतूहल वाटलं हे चांगलंच आहे. पुढच्या खेपेला हातात वही-पेन्सिल द्या, जिथे दिसेल तिथेच बसून चित्र काढू दे.