ऑनलाइन मीटिंग नीट कशी घ्यावी? तासभर बोलूनही आमच्याकडे काहीच ठरत नाही

तुमची निम्मी टीम घरून काम करते, मीटिंग लांबते आणि शेवटी काहीच ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे उलटं झालं होतं. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी ठरलं.

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये मी बरीच वर्षं प्रोजेक्टचं काम बघत होते. प्लास्टिकचे मोल्ड बनवायचो. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाबरोबर दर गुरुवारी दुपारी अडीचला कॉल असायचा, त्यांचे सकाळचे दहा. गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते हे त्यांना सांगावं असं साहेबांना कधी वाटलं नाही. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं! त्यामुळे तो कॉल मी घरून घ्यायचे, ओट्यावर लॅपटॉप ठेवून.

३१ मार्च २०२२. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात, ती नुकतीच गेली होती. म्हणजे आमचे अडीच दीडवर आले. (इन्व्हाइट त्यांच्या वेळेत केलेलं असेल तर हे दरवर्षी होणार, आणि अमेरिकेची घड्याळं त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच बदलतात. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.) माझी पोळी तव्यावर, साहेब गाडीत, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये. तिकडच्या बाईंनी विचारलं, टी-वन सॅम्पल, म्हणजे मोल्डमधून निघालेले पहिल्या ट्रायलचे नमुने, २० एप्रिलला मिळतील ना? साहेब म्हणाले, "यस, यस."

आपलं "हो हो" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. फोनवर आपण दर चार शब्दांना "हो" म्हणतो. ऐकतोय, चालू दे, एवढाच त्याचा अर्थ. तोच हुंकार इंग्रजीत "यस" होतो आणि समोरची बाई तो वहीत तारखेसकट उतरवून घेते.

इन्सर्ट, म्हणजे मोल्डच्या आतले पोलादी भाग, तेव्हा हार्डनिंगला, भट्टीत कडक करायला, बाहेर गेलेले. परत आल्यावर ग्राइंडिंग, स्पार्क, फिटिंग, सगळं बाकी. २० तारीख शक्यच नव्हती. मी अनम्यूट केलं, "वन मिनिट" म्हणेपर्यंत व्हॉट्सॲप वाजलं. साहेब. "गप्प बस. नंतर बोलू." हार्डनिंगवाल्याला फोन लावून पक्की तारीख घ्यावी, तर त्याचाही गुरुवार. मी परत म्यूट केलं. पोळी करपली ती करपलीच.

सॅम्पल मे महिन्यात निघाले. उशीर भरून काढायला सहाशे किलोचा मोल्ड बोटीऐवजी विमानाने गेला, भाडं आमच्या डोक्यावर. त्यानंतरच्या प्रत्येक रिव्ह्यूला साहेबांचं एकच पालुपद: "तू तेव्हाच बोलली असतीस तर!"

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. बोलणं चालू असतानाच एकाने स्क्रीनवर सगळ्यांसमोर लिहायचं: काय ठरलं, कोण करणार, किती तारखेला. लिहिलं गेलं नाही ते ठरलं नाही. मीटिंगनंतर मेलवर मिनिट्स पाठवणं ही धूळफेक आहे, ते मेल कुणी उघडत नाही. "यस, यस"च्या जागी स्क्रीनवर "२० एप्रिल, जबाबदारी अमुक" असं उमटलं असतं तर साहेबांनी गाडी कडेला घेतली असती. हे मी लॉकडाऊनपासून सांगत होते. "आपण काय कारकून आहोत का?" हे मिळालेलं उत्तर.

"सगळ्यांना ओके ना?" हा प्रश्न बंद करा. त्याला शांतता हेच उत्तर मिळतं आणि शांतता म्हणजे होकार धरला जातो. नाव घेऊन विचारा: "जाधव, तुमच्याकडून कधी येईल?" जाधव म्यूटवरून बाहेर येईपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका. गाडीतून जॉइन झालेल्याला ऐकू द्या, पण त्याच्याकडून कबुली घेऊ नका.

वेळेबद्दल म्हणाल, तर आमच्या सगळ्यात चांगल्या मीटिंगा लॉकडाऊनमध्ये फुकटच्या झूमवर झाल्या. ४० मिनिटांनी ते आपोआप तुटायचं, त्यामुळे पस्तिसाव्या मिनिटाला भलेभले मुद्द्यावर यायचे. मग कंपनीने लायसन्स घेतलं आणि तीच मीटिंग दीड तास चालायला लागली.

कॅमेऱ्यासाठी हट्ट धरू नका, असं माझं मत. अर्थात नवीन गिऱ्हाइकाबरोबरच्या पहिल्या दोन-तीन कॉलना चेहरा दिसलेला बरा. आणि हे सगळं मी सात-आठ जणांच्या कामाच्या मीटिंगबद्दल सांगतेय. तुमच्याकडे पंचवीस जण असतील तर आधी अठरा जणांना सोडा. त्यांना बोलावलं कोणी आणि कशासाठी, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि मीटिंग चालू असताना कुणी "गप्प बस" असा मेसेज केला तर... तो मोठ्याने वाचून दाखवा असं म्हणणार होते, पण नोकरी टिकवायची असते, मलाही होती. निदान त्याचा स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडे आहे अजून, वर वेळही दिसते, १:४७. ती नोकरी सोडली मी. मागच्या महिन्यात एका लग्नात साहेब भेटले, जेवणाच्या रांगेत, आणि हातात ताट असतानाच म्हणाले, "तू तेव्हाच बोलली असतीस तर!" फोन पर्समध्ये होता. काढला नाही.