पहिला एअरब्रश ०.२ चा घ्यावा की ०.३ चा?

१/७२ प्रमाणाच्या मॉडेल विमानांसाठी पहिला एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन, ०.२ मिलिमीटर नोझलचा (रंग बाहेर पडण्याच्या तोंडाचा) घ्यावा की ०.३ चा, असे आपण विचारले आहे. ०.३ चाच घ्यावा, तोही डबल ॲक्शन (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही वेगवेगळे आवरता येणारा) आणि वर रंगाचा कप असलेला. ०.२ ची महती सांगणाऱ्यांपायी माझा एक अख्खा उन्हाळा वाया गेला आहे.

मिराज-२००० विमाने १९८५ मध्ये ग्वाल्हेरला आली आणि महाराजपूरच्या तळावरून उडणारी ती विमाने पाहतच मी वाढलो, त्यामुळे पहिले मॉडेल मिराजचेच होणार हे ठरलेले होते. मे महिन्यातल्या भर दुपारी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरील खोलीत, मी त्यावर ०.३ च्या एअरब्रशने राखाडी ॲक्रिलिक रंग फवारला आणि त्या रुंद त्रिकोणी पंखांवर रंग खरकागदासारखा खरखरीत बसला. भावजींनी तत्काळ निदान केले की नोझल मोठे असल्याने थेंब जाड पडतात. त्यांच्या आग्रहाखातर ०.२ चा दुसरा, महागडा एअरब्रश आला, आणि तो तर दर दोन मिनिटांनी तुंबू लागला. कारण दोष नोझलचा नव्हताच, त्या झळांत रंगाचा थेंब प्लॅस्टिकपर्यंत पोहोचण्याआधी हवेतच सुकत होता आणि सुईच्या टोकावरही साचत होता. तुंबलेले नोझल भावजींनी साफ करून पकडीने आवळले, त्याचे टोक चिरले, आणि तेव्हापासून कपातल्या रंगात बुडबुडे येतात. माल नकली होता, असे ते आजही सांगतात.

पुढे तोच जुना ०.३ चा एअरब्रश मी पहाटे, ऊन चढण्याआधी वापरला. रंग दुधाइतका पातळ केला, त्यात रिटार्डरचे (रंग सुकणे लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घातले आणि हवेचा दाब १५ ते १८ पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) ठेवला. पंख गुळगुळीत आले. भावजी त्या वेळी गाढ झोपेत होते, हे नमूद केले पाहिजे.

एअरब्रशला हवा पुरवणारा कंप्रेसर टाकीचा घ्यावा, म्हणजे हवा धक्क्याधक्क्याने येत नाही. पावसाळ्यासाठी त्याला पाणी अडवणारा फिल्टरही हवा. बारीक ठिपक्यांचे, मोकळ्या हाताने काढायचे छद्मरंग (कॅमफ्लाज) करणाऱ्याला ०.२ खरोखर उपयोगी पडतो, हेही मान्य केले पाहिजे. मी केवळ ॲक्रिलिक वापरतो, तरीही मास्क लावतो. लॅकर (उग्र द्रावकातला रंग) वापरणार असाल तर वाफा अडवणारा मास्क आणि वाहती हवा दोन्ही हवीत. आणि ०.२ चा घेतलाच, तर नोझल सोबतच्या छोट्या पान्यानेच, अगदी हलक्या हाताने आवळावे. पक्कड आणि भावजी, दोन्ही त्या खोलीबाहेर असावेत.